देवराममामाचं आहेरपत्र

सुलाबाईच्या रानात कांदा काढून चार दिवस झाले होते आणि पात कापायची अजून निम्मी बाकी होती. मजुरीला बाई मिळत नव्हती. चैत्रात सगळ्यांचाच कांदा एकदम निघतो आणि बाया असतात तेवढ्याच असतात. म्हणून मायलेकीच बसल्या होत्या, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, खाली गोणपाट अंथरून. डाव्या हातात कांदा, उजव्या हातात विळा. पात कापायची, कांदा ढिगाकडे टाकायचा, पुढचा घ्यायचा. सुलाबाईने अंगठ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, तरी विळा आतपर्यंत लागायचाच. लेकीचं, राखीचं, लग्न सतरा दिवसांवर आलं होतं. नवरीने उन्हात बसू नये, काळवंडते, असं दोन शेजारणी येऊन सांगून गेल्या होत्या. सांगणाऱ्या एकीनेही विळ्याला हात लावला नव्हता.

मल्हारी आला तो दुपारचा. तो जयरामचा थोरला भाऊ, म्हणजे सुलाबाईचा दीर. जयराम गेल्या भादव्यात विहिरीवर मोटारीचा करंट लागून गेला. दोघा भावांची जमीन एकाच गटात, चार एकर, निम्मी निम्मी. मल्हारीने मोटारसायकल बांधावर लावली, हातातली कापडी पिशवी कांद्याच्या ढिगावर ठेवली आणि उभ्यानेच बोलायला लागला. पिशवीत दोन साड्या होत्या, एक सुलाबाईला, एक राखीला. बुधवारी चांदवडला जायचं, म्हणाला. हक्कसोडाचा कागद वकिलाकडून लिहून तयार आहे, दोघींनी सह्या केल्या की झालं. मांडवाचं, जेवणाचं तो बघणार होता.

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. लेकीला साडीचोळी द्यायची आणि तिने बापाच्या जमिनीवरचा हक्क भावांना सोडून द्यायचा. कायदा त्याच्या जागी, रीत तिच्या जागी. सोडते तिला दिवाळीला बोलावणं येतं. सोडत नाही तिचं माहेर बंद. इथे तर भाऊही नव्हता, जयरामला राखी एवढी एकच. पण ज्याला रीत हवी असते त्याला सख्ख्या भावाच्या जागी चुलतभाऊ चालतो, आणि मल्हारीला मुलगा होता, राकेश. आमच्या वस्तीत घरोघरी बाबासाहेबांची तसबीर आहे. तिच्याच खाली बसून ह्या साड्यांच्या घड्या घातल्या जातात, आणि आमचं कुणाचं त्यात काही अडत नाही.

राखी हातातला कांदा कापून मग बोलली. "साडी परत न्या तात्या. सही नाय करायची मला."

"तुह्या बापानं आन् म्या मिळून ती हीर खांदली. पहारीनं. तू तवा जलमली बी नव्हती. उद्या तुहा नवरा येऊन हिस्सा मागंल, तवा मी त्याला काय हीर कापून देऊ का?"

"नवरा नाय मागणार. मी मागते. बापाचं हाय म्हणून मागते."

"जयराम असता तर तुला असं बोलू दिलं नसतं."

"आबा असते तर तुम्ही ही पिशवी घेऊन आलाच नसता."

मल्हारीने सुलाबाईकडे पाहिलं. ती मान खाली घालून कापत होती. ती म्हणाली, "भाऊजी, पोरगी बोलली तेच माझं." एवढं बोलायलाही तिला बळ एकवटावं लागलं, बावीस वर्षांत दिरासमोर तिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. मल्हारीने पिशवी उचलली, तिच्यावरची टरफलं झटकली आणि मांडव ज्याचा त्याने बघावा म्हणून सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी दोघी चांदवडला गेल्या, देवरामकडे. देवराम सुलाबाईचा थोरला भाऊ. तहसील कचेरीच्या बाहेर लिंबाखाली त्याचं टेबल. चाळीस वर्षं तो अर्ज लिहितो. रेशनकार्डापासून पोटहिश्शापर्यंत लोकांची सगळी गाऱ्हाणी त्याच्या अक्षरात कचेरीत गेलेली आहेत. टाइपरायटर आता टेबलाखाली धूळ खातो, आणि ऑनलाइन काही असेल तर तो शेजारच्या सेतूवाल्याला उभा राहून एकेक शब्द सांगतो. माणूस कामाला पक्का, पण हात आखडता. भावकीच्या प्रत्येक लग्नात त्याचा आहेर ठरलेला, स्टीलचा एक तांब्या. यंदा सख्ख्या भाचीचं लग्न, मामाच्या मानाचं लोखंडी कपाट तरी निघतं का तांब्याच निघतो, यावर आमच्या पारावर पैजा लागल्या होत्या.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एका म्हाताऱ्याचा अर्ज पुरा करून दिला. मग चष्मा कपाळावर चढवला.

"सही केली नाय ते बेस केलं," तो म्हणाला. "पण सही केली नाय म्हणून जिमीन नावावर येत नसती. जयरामला जाऊन सात महिने झाले, आन् सातबाऱ्यावर अजून त्योच हाय. मेलेला मानूस कचेरीत येऊन नाय म्हणत नसतो. त्याच्या जागी तुम्ही दोघी पाहिजेत. आधी वारस नोंद."

त्यासाठी काय लागतं तेही त्याने सांगितलं. मृत्यूचा दाखला होता. प्रतिज्ञापत्र तो करणार होता. राहिला पंचनामा. गावातल्या पाच माणसांनी सही करून सांगायचं, की जयरामची बायको ही, लेक ही, आणि आणखी वारस कोणी नाही. कागद त्याने तिथेच लिहून दिला, खाली पाच रेघा ओढून.

पाच रेघांसाठी सुलाबाई तीन दिवस गावात फिरली. सकाळी कांदा कापायचा, उन्हं कलली की कागद पदराखाली धरून निघायचं. गेणू त्यांचा बांधाशेजारी. त्याच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या बांबूच्या शेडात, ह्या दोघींनी चार वर्षं त्याचा कांदा भरून दिलेला. त्याला चष्मा सापडेना. घरभर शोधला त्याने, सुलाबाई दारात उभी असेपर्यंत. पोलीस पाटील म्हणाले, लगीन होऊन जाऊ द्या, मग निवांत बघू. एकाने तर सरळ सांगितलं, मल्हारीला विचारून सांगतो. मल्हारी सोसायटीवर होता, ट्रॅक्टर त्याचा होता, पाण्याचा टँकर त्याच्या शब्दावर यायचा. राखीला बारशापासून पाहिलेली माणसं, पण ती कोणाची लेक हे सांगायला त्यांची जीभ टाळूला चिकटली. आणि दुसऱ्यांना कशाला बोलू, मीही त्या दिवसांत सुलाबाई दिसली की वाट बदलून जात होतो.

तिसऱ्या दिवशी ती बिनसहीचा कागद घेऊन घरी आली आणि ओट्यावर बसून राहिली. राखी म्हणाली, "आई, करून टाकू का सही? तुला ह्या गावात राहायचंय. मी तर नाशिकला जाईन." सुलाबाईला राग आला तो लेकीवरच आला. "तू गेल्यावर मी कोणाच्या रानात विळा धरू? त्यांच्या? रोजानं?" एवढंच बोलून ती चूल पेटवायला उठली.

त्याच आठवड्यात मल्हारीने चाळीला कुलूप घातलं. चाळ दोघा भावांनी मिळून बांधलेली होती, बांबू जयरामने स्वतः पेठच्या बाजूने आणलेले. आभाळ भरून यायला लागलं होतं, अवकाळीचं काही सांगता येत नव्हतं, आणि कापलेला कांदा रानात उघडा. चाळ मिळाली नाही तर भिजून सडणार. मायलेकींनी तो घरात भरला. घमेली डोक्यावर घेऊन दिवसभर खेपा केल्या. आधी पडवी भरली, मग माजघर, मग फळीपर्यंत रास आली. भांडी बाहेर, अंथरुणं बाहेर, लग्नाचे कपडे ट्रंकेत घालून ट्रंक अंगणात. हळदीला बाया आल्या तर बसायला जागा नव्हती. नवरीच्या अंगाला हळद आणि सगळ्या घराला कांद्याचा वास. कोणी नाक मुरडलं, कोणी हसलं. राखी मात्र येईल तिला सांगत होती, "आमची चाळ बघायला या, आतून रंग दिलाय." एवढं ओझं डोक्यावरून वाहूनही तिची जीभ थकली नव्हती.

समोरच्या ओट्यावरून मल्हारीची बायको सावित्रीबाई हे सगळं पाहत होती. ती नामपूरची, बागलाणातली. तीस वर्षं आमच्या गावात काढली, पण तिचा आवाज कसा आहे हे सांगता येणारी माणसं थोडी. ती नुसती बसून पाहत होती, हातात सूप होतं, पाखडत नव्हती.

मल्हारीने नाशिकला नवरदेव प्रशिकच्या घरीही फोन केला. पोरगी भांडखोर आहे, जमिनीची लचांडं आहेत, बघा बाबा. प्रशिक अंबडला एका कारखान्यात कामाला, त्याची आई अंगणवाडी सेविका. तिने राखीला फोन लावून विचारलं, काय भानगड आहे. राखी म्हणाली, "भानगड नाही. बापाच्या जागी आईचं आणि माझं नाव लावायचंय. तुम्हाला चालत नसेल तर आत्ता सांगा, मांडव अजून घातला नाही." मग त्या बाईने विचारलं, जेवायला तुमच्याकडची माणसं किती धरू, आणि भाताला आंबेमोहोर आणायचा की साधा. जेवणाचं तिने स्वतःकडे घेतलं आणि तो विषय तिथेच मिटला.

लग्न विहाराच्या पटांगणात झालं. मांडव बायकांनी आपापल्या साड्या जोडून घातला होता. मल्हारी येणार नाही असं सगळे धरून चालले होते, पण पत्रिकेवर निमंत्रक म्हणून त्याचं नाव कधीच छापून गेलं होतं. पांढरेशुभ्र कपडे घालून तो पुढच्या खुर्चीवर येऊन बसला. शेजारी राकेश, मागे बायकांत सावित्रीबाई. बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील घेतलं, नवरानवरीने हार घातले, शपथ घेतली. मग गेणूने माइक हातात घेतला. आमच्याकडे आहेर पुकारायचं काम त्याचंच, आवाज खणखणीत आहे.

दोनचार आहेर झाल्यावर मल्हारी उठला. हातात तीच पिशवी. गेणूच्या कानात काहीतरी बोलला. गेणूने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुकारलं, "नवरीचे चुलते मल्हारी तात्या यांच्याकडून, रीतीपरमानं, साडीचोळी."

रीतीप्रमाणे म्हणजे काय हे लहान पोरालाही माहीत होतं. भर मांडवात, माइकवर, अख्ख्या गावादेखत साडीचोळी घेतली म्हणजे हक्क सोडला. उद्या हीच माणसं साक्षीला उभी करता येतात. आणि नाही घेतली, तर लग्नाच्या दिवशी बापाच्या जागच्या माणसाचा अपमान केला, पाहुण्यांसमोर. मल्हारीने साडी पुढे केली. बरोबर जागा बघून त्याने फास टाकला होता, तेवढी अक्कल त्याला आहे.

राखीने साडीला हात लावला नाही. तिने गेणूच्या हातातून माइक घेतला. दोन्ही हातांनी धरला.

"तात्या, चुलत्यानं पुतणीला दिली म्हणून ही साडी मी डोक्यावर घेईन. हक्काच्या बदली नाय घेणार. साडी नुसती साडी हाय, हे तुम्ही ह्या माइकवर म्हणा. मग द्या."

तिने माइक त्याच्यापुढे धरला. मल्हारीच्या एका हातात साडी, समोर माइक. तो मागे फिरून खुर्चीकडे जायला लागला, साडी तशीच हातात.

तेव्हा देवराम उठला. मामाचा आहेर राहिला, म्हणाला, मान माझा आणि मलाच विसरलात. कोणीतरी मागून तांब्या तांब्या म्हणून हसलं. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि कचेरीत वाचतात तसा सावकाश वाचला.

"मी, देवराम, वय वर्षे बासष्ट, धंदा अर्जनवीस, राहणार चांदवड, माझी भाची राखी जयराम हिस आहेरपत्र लिहून देतो ऐसाजे. तुझ्या लग्नाची नोंद, तुझ्या बापाच्या जमिनीवर तुझी व तुझ्या आईची वारस नोंद, त्यावर हरकत आल्यास तिची सुनावणी, आणि पुढे तुझ्या नावाने निघेल ते प्रत्येक सरकारी काम, पहिल्या अर्जापासून शेवटच्या नकलेपर्यंत, मी माझ्या हयातीत करीन. लिखाई माझी, तिकीट माझं, हेलपाटे माझे. हे आहेरपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने व नशापाणी न करता लिहून दिले असे."

नशापाण्यावर पाहुणे हसले. आमचं गाव हसलं नाही. देवरामने दुसरा कागद काढला, तो पाच रेघांचा, पण आता रेघा पार खालपर्यंत ओढलेल्या होत्या.

"आता पंच पाहिजेत," तो म्हणाला. "तुम्ही दोनशे मानसं पत्रिका घेऊन आलात. म्हणजे ही कोनाची लेक ते ठावं असंल. ज्याला ठावं हाय त्यानं सही करावी. ज्याला ठावं नाय, त्यानं आपुन कोनाच्या लग्नाला जेवाया आलो ते इचार करून बघावं."

त्याने कागद आहेराच्या टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं आणि हात बांधून उभा राहिला. कोणी उठेना. सुलाबाईने मान वर केली आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहायला लागली, पाहिलं की माणूस खाली बघायचा. माझ्यावर तिची नजर आली तेव्हा मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

बायकांतून सावित्रीबाई उठली. तिला टेबलाशी यायला सगळा मांडव ओलांडावा लागला. मल्हारी मोठ्याने म्हणाला, "कुठं चालली?" तिने उत्तर दिलं नाही. देवरामला विचारलं, कुठं करू. त्याने पहिली रेघ दाखवली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, तिने एकेक अक्षर दाबून पूर्ण नाव लिहिलं, वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे पाहत राहिले. मग ती सुलाबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

तिच्यामागे गेणू आला. चष्मा खिशात होता. मग मी गेलो. मग रांगच लागली. पोलीस पाटलांनी जेवण झाल्यावर केली, पण केली. मल्हारी न जेवता निघून गेला आणि राकेश मात्र पंगतीत वाढायला राहिला.

त्यानंतर मल्हारी बायकोशी बोलायचा बंद झाला. ती ताट वाढायची, तो ताट सरकवून बाहेर जायचा. वारस नोंदीची नोटीस चावडीवर लागली तशी त्याने हरकत घेतली. ज्येष्ठात मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी निघाली. देवराम नवाकोरा सदरा घालून आला होता. सुलाबाई होती, राखी नाशिकहून आली होती. मल्हारीने सावित्रीबाईलाही मोटारसायकलवर बसवून आणलं होतं. तिने आपली सही दबावाखाली झाली असं सांगायचं, एवढंच तो इतक्या दिवसांत तिच्याशी बोलला होता.

मल्हारी म्हणाला, आमच्यात साडीचोळीवर हक्क सुटतो, पिढ्यानपिढ्या चालत आलंय. साहेबांनी विचारलं, नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र आहे का. नव्हतं. "मग साडीचा इथे काय संबंध? साडी देऊन किंवा तोंडाने बोलून कोणाचा हक्क जात नाही." त्यांनी पंचनामा पुढे ओढला, त्रेपन्न सह्यांचा, आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. ही सावित्रीबाई कोण?

"कुटुंब हाय माझं," मल्हारी म्हणाला.

साहेबांनी तिला विचारलं, सही कोणाच्या दबावाने केली का. सावित्रीबाई म्हणाली, "नाय. पोरगी जयराम भाऊजींची हाय. मीच तिची नाळ पुरली." एवढंच. हरकत फेटाळली, नोंद मंजूर झाली. सुलाबाई बाहेर येऊन पायरीवर बसली आणि रडली, लपवाछपवी न करता. राखीने तिला पाणी दिलं.

देवराम लिंबाखाली आपल्या टेबलाशी गेला, त्याच्याकडे दोन माणसं खोळंबली होती. ती गेल्यावर सावित्रीबाई समोर येऊन उभी राहिली. साहेब बोलले ते खरं का, तिने विचारलं. साडीने हक्क जात नाही म्हणाले ते.

"खरं हाय. सहीचा कागद नोंदवलेला नसंल तर नाय जात."

"मी कागदावर कव्हाच सही केली नाय. बाप जाऊन अकरा वर्सं झाली. भावांनी साडी दिली, म्या नेसली, तेवढंच."

देवरामने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो म्हणाला, "आक्का, तुमच्या लग्नात माझा आहेर राह्यला होता. तवा आपली सोयरीक नव्हती." त्याने खुर्ची पुढे सरकवली, कोरा कागद घेतला आणि बापाचं पूर्ण नाव विचारलं.

रस्त्यावर मल्हारी मोटारसायकल चालू करून थांबला होता. त्याने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला, जास्त वेळ.

"भिका उखा पगारे. गाव नामपूर," सावित्रीबाई म्हणाली. आवाज एवढा मोठा होता की सेतूपुढची रांग वळून बघायला लागली, आणि बोलता बोलता ती माहेरच्या अहिराणी बोलीवर गेली. "मना बापनी जमीन शे ती. लिखा, भाऊ."